विंटर टायरचा दुसरा सेट ठेवायचा कुठे?

कॅनडात मिसिसागातल्या आमच्या कॉन्डोचा (फ्लॅटचा) सामानाचा लॉकर एवढुसा, त्यात गणपतीचं मखर ठाण मांडून बसलेलं. बर्फासाठीचे चार जादा टायर कुठे कोंबणार? म्हणून गेल्या वर्षी कोरोलाला बर्फातही चालणारे, वर्षभर ठेवता येणारे ऑल-वेदर टायर घातले. ऑल-सीझन नव्हेत हं! नावं सारखी वाटतात, पण ऑल-सीझनचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं. दुकानात मी टायरच्या बाजूवरची खूण बोटाने चाचपून पाहिली: तीन शिखरांचा डोंगर, आत हिमकण. क्यूबेक प्रांतातल्या १ डिसेंबर ते १५ मार्चच्या विंटर टायरच्या सक्तीलाही हीच खूण चालते, हे माँट्रियलच्या बहिणीकडून कळलं.

टायरमधल्या हवेकडे मात्र लक्ष हवं. पारा ५-६ अंश उतरला की हवेचा दाब साधारण १ पीएसआयने (दाब मोजायचं एकक) कमी होतो. नोव्हेंबरच्या पहिल्या कडाक्यात डॅशबोर्डवर कमी हवेचा पिवळा दिवा लागला आणि नवऱ्याने पंक्चर म्हणून धसका घेतला. आता दर महिन्याला गाडी गार असताना मीच मोजते. आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा घ्यायचा. टायरवरचा कमाल मर्यादेचा असतो. दर १० हजार किलोमीटरला पुढचे मागे करून घेते. रस्ता बर्फ साचून तुळतुळीत झाला की ऑल-वेदरला खऱ्या विंटर टायरची सर नाहीच, त्या दिवशी मी सरळ घरून काम करते.