दिवाणात असेल

आमच्या घरी कागद ठेवायची एक अशी जागा कधी नव्हतीच. जागा बाबांच्या डोक्यात होती.
"घराचं विक्रीपत्र कुठे आहे?"
"दिवाणात."
"दिवाणात कुठे?"
"मला माहीत आहे नं!"
चौकशी तिथेच संपायची.

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी आलमारीवरची रेक्झिनची बॅग उचलली. लाइट गेलेली, पाणी गुडघ्याला लागलेलं, आणि हा माणूस बॅग डोक्यावर धरून जिन्यात उभा. वरच्या काकूंकडे मेणबत्तीच्या उजेडात ती उघडली. आत १७ वर्षांची विजेची बिलं, ओळीने टाचलेली, आणि दोन कूलरांआधीच्या कूलरचं वॉरंटी कार्ड. विक्रीपत्र दिवाणात होतं. दिवाण पाण्यात.

"चला, बिलं तर वाचली," आई म्हणाली. मग दिवसभर काही बोलली नाही.

ओला कागद फार हळवा असतो. घाईने पानं सोडवायला गेलं की फाटलीच. मानेवाड्याला मामाच्या हॉलमध्ये आम्ही वर्तमानपत्रं अंथरली, एकेक पान टिपून पंख्याच्या वाऱ्यावर ठेवलं. उन्हात नाही, उन्हात कागद आखडतो. माझी दहावीची मार्कशीट मी मोठ्या प्रेमाने लॅमिनेट करून घेतली होती. पाणी कडेने आत शिरलं आणि आतच राहिलं. पेपरवेटमध्ये फूल असतं तशी ती दिसत होती.

नोंदणी झालेल्या विक्रीपत्राची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडून मिळते. फक्त दस्त क्रमांक आणि साल सांगता आलं पाहिजे. ते लिहिलेलं कुठे? त्याच विक्रीपत्रावर! शिक्क्यातले आकडे कसेबसे वाचता आले, म्हणून निभावलं.

आता झाकणाला रबर असलेला एक डबा सज्जावर आहे. विक्रीपत्र, एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) प्लॉट नियमित केल्याचं पत्र म्हणजे आरएल, घरटॅक्सची पावती, एलआयसीचे बॉण्ड, बाबांच्या पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, सगळं वेगवेगळ्या पन्न्यांत. आधार आणि लायसन्स डिजिलॉकरमध्येही आहेत. पण त्या पहाटे मोबाइल ४ टक्क्यांवर होता आणि मामाचा नंबर एकाही माणसाला पाठ नव्हता, म्हणून डब्यात वरच फोन नंबरांचा कागद ठेवलाय, बॉलपेनने लिहिलेला. जेल पेनची शाई काय करते ते बघून झालं होतं.

खरी अडचण नॉमिनीपाशी आली. हा विषय काढला की बाबा, "काऊन, मी चाललो काय कुठे?" असं म्हणून पेपर उघडतात. शेवटी बँकेची एफडीची पावती मीच काढली. नॉमिनी म्हणून आजीचं नाव. आजी २००४ साली गेली. दर वेळी एफडी नूतनीकरण होत राहिली आणि नाव तसंच पुढे चालत राहिलं.

"म्हणजे पैसे सासूबाईंना भेटणार होते?" आईने विचारलं.

बाबा निमूट उठले. दुसऱ्या दिवशी बँकेतून फॉर्म आणला, चष्मा लावला, नॉमिनी म्हणून आईचं पूर्ण नाव वळणदार अक्षरात लिहिलं. पुढे वयाचा रकाना. पेन थांबलं.

"तुझी जन्मतारीख काय गं?"

आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही.

"बघा, दिवाणात असेल."