ब्रसेल्सची ओळ

संध्याकाळी सहाला अहवाल छपाईला जायचा होता. साडेतीनच्या सुमारास आमच्या विभागात नव्याने आलेली मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, ब्रसेल्स श्रीमंत धरायचं की गरीब?"

एका संशोधन संस्थेत आकडे तपासायचं काम मी करते. हे प्रकरण राजधान्या आणि ग्रामीण भाग यांच्यातल्या उत्पन्नाच्या दरीवर होतं. लेखकांनी युरोपातल्या प्रदेशांचा दरडोई जीडीपी, म्हणजे तिथे झालेलं एकूण उत्पादन भागिले तिथली लोकसंख्या, घेऊन वर मथळा दिला होता, 'राजधानीतला माणूस किती जास्त कमावतो'.

तिने त्याच्या शेजारी आणखी एक कॉलम लावला होता : कर जाऊन, पेन्शन-भत्ते धरून कुटुंबांच्या हाती उरणारं दरडोई उत्पन्न. पहिल्या कॉलममध्ये बेल्जियमची राजधानी ब्रसेल्स युरोपीय महासंघाच्या सरासरीच्या दुपटीच्या आसपास. दुसऱ्यात मात्र खुद्द बेल्जियमच्या सरासरीच्याही खाली!

दोन्ही आकडे बरोबर होते. ब्रसेल्समधल्या जवळपास निम्म्या नोकऱ्या शहराबाहेरून येणारी माणसं करतात. सकाळी ट्रेनने येतात, संध्याकाळी परत जातात. त्यांनी केलेलं उत्पादन ब्रसेल्सच्या खात्यावर चढतं, कारण ऑफिस तिथे आहे. पगार मात्र घरच्या पत्त्यावर मोजला जातो. भागाकार करताना अंशात ही सगळी मंडळी असतात, छेदात फक्त शहरात राहणारे बारा लाख. उलट, आजूबाजूचे दोन ब्राबांट प्रांत दुसऱ्या कॉलममध्ये देशात सगळ्यात वर. राजधानीचा पैसा तिथे मुक्कामाला जातो.

मी शीट घेऊन संपादकांकडे गेले. ते वैतागले. "म्हणजे दरी नाहीच, असं छापायचं?"

"आहे ना सर. पॅरिस बघा." पॅरिसच्या प्रदेशात फ्रान्सची सुमारे 18 टक्के लोकसंख्या आहे आणि जीडीपी 30 टक्क्यांच्या आसपास. कुटुंबाच्या उत्पन्नातही तो प्रदेश पुढेच आहे, पण अंतर बरंच आटतं. कराचा मोठा वाटा तिथून जातो, पेन्शनरांचं प्रमाण इतर भागांत जास्त. शिवाय राजधानी म्हणजे श्रीमंती हेही सगळीकडे खरं नाही. बर्लिन कित्येक वर्षं जर्मनीच्या सरासरीच्या खाली होतं. युद्धानंतर कंपन्यांनी तिथून बस्तान हलवलं, सीमेन्सने तर मुख्यालय म्युनिकला नेलं.

"एका ओळीसाठी एवढा घोळ नको, ब्रसेल्स वगळा," सर म्हणाले. यावर मात्र मी अडून बसले. गैरसोयीची ओळ काढायची आणि उरलेल्या तक्त्यावर मथळा द्यायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे, आणि मला तिचा मनस्वी राग येतो. आमचा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार.

शेवटी दोन्ही कॉलम छापायचे ठरलं, मथळा बदलला, आणि ब्रसेल्सखाली तीन ओळींची टीप आली. ती टीप मी त्या मुलीलाच लिहायला लावली. रुंदी पुरत नाही म्हणून डिझायनर कुरकुरला, तेव्हा तक्ता आडवा केला. फाइल गेली तेव्हा नऊ वाजून गेले होते.