जपानला सेमिस्टर एक्स्चेंज: व्हिसापेक्षा क्रेडिट्सचं काम मोठं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं पहिलं सेमिस्टर मी जपानमधे ओकायामाला केलं, पुण्यातल्या एका ऑटोनॉमस कॉलेजमधून. आता ज्युनिअर्सचे रोज मेसेज येतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी, कॉलेजने परदेशी युनिव्हर्सिटीबरोबर एमओयू (सामंजस्य करार) केलाय म्हणजे तुम्हाला तिकडे जाता येईल असं अजिबात नाही. एमओयूत नुसतं आपण एकमेकांना सहकार्य करू एवढंच असतं. त्याच्याखाली वेगळं स्टुडंट एक्स्चेंज अ‍ॅग्रीमेंट लागतं, त्यात दरवर्षी किती जण जाणार आणि तिकडची ट्यूशन फी माफ आहे का ते लिहिलेलं असतं. आमच्या कॉलेजची एमओयूची यादी चांगली लांबलचक आहे पण असं अ‍ॅग्रीमेंट चालू असलेली नावं त्यात मोजकीच निघाली. त्यामुळे इंटरनॅशनल ऑफिसला जाल तेव्हा थेट अ‍ॅग्रीमेंटचंच विचारा.

मला ओकायामाच हवं होतं. मी लहानपणापासून सिंहगड रोडला राहते, पु. ल. देशपांडे उद्यान घराजवळ, आणि ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं आहे हे शाळेत असल्यापासून माहिती होतं. कॉलेजकडून नॉमिनेशन गेलं, फी आपल्याच कॉलेजला भरायची, तिकडे माफ.

खरी कसरत झाली ती क्रेडिट्सची, म्हणजे विषयाच्या तासांवरून मोजतात त्या गुणांकांची. डिपार्टमेंटचं म्हणणं की तिकडचा विषय आपल्या विषयाच्या बरोबरीचा आहे हे दाखवा नाहीतर सेमिस्टर वाया जाईल. तिकडे एक लेक्चर ९० मिनिटांचं, १५ आठवडे, आणि त्याचे २ क्रेडिट्स, म्हणजे वर्गातले साडेबावीस तास. आपल्याकडे १ क्रेडिटला १५ तास, म्हणजे ३ क्रेडिटच्या विषयाला ४५ तास. सर म्हणाले, त्यांचे २ क्रेडिट आपल्या दीडच्या बरोबर झाले, मग उरलेलं कुठून आणणार? मी जपानचा नियम काढला, तिकडे १ क्रेडिट म्हणजे घरचा अभ्यास धरून ४५ तास काम. पण आपल्याकडे वर्गातलेच तास बघतात, तो मुद्दा काही चालला नाही. मग शेवटी तिकडचे दोन विषय मिळून आपला एक असा तक्ता केला, साडेबावीस दुणे पंचेचाळीस, तास अगदी बरोबर जुळले. प्रत्येक जोडीला दोन्हीकडचा सिलॅबस युनिटप्रमाणे शेजारी शेजारी लावला, कुठला टॉपिक कुठल्या आठवड्यात येतो ते पण लिहिलं, आणि इंग्रजीतून शिकवलेलेच कोर्स घेतले कारण माझं जपानी एन-४ पर्यंतचंच होतं (भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्यांतली खालून दुसरी). हा तक्ता अभ्यास मंडळापुढे (अभ्यासक्रम ठरवणारी समिती) गेला आणि तिथून लेखी मंजुरी आली. आमच्या मॅडमनी त्यासाठी जो पाठपुरावा केला त्याला तोड नाही, त्यांच्याशिवाय हे झालंच नसतं.

दुसरी अडचण कॅलेंडरची. त्यांचं सेमिस्टर ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आपलं जुलैत सुरू होतं आणि पुढचं जानेवारीत. म्हणून शेवटचं वर्षच बरं पडतं, कारण आठव्या सेमिस्टरला आमच्याकडे फक्त प्रोजेक्ट असतो आणि गाइडनी फेब्रुवारीपासून जॉइन व्हायला हो म्हटलं. तिसऱ्या वर्षात गेलात तर दोन सेमिस्टर्सची तोंडमिळवणी करावी लागेल.

व्हिसाचं त्यामानाने सरळ आहे. सीओई (सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे व्हिसासाठीचा पात्रतेचा दाखला) नावाचा कागद तिकडची युनिव्हर्सिटी इमिग्रेशनकडून काढून देते, त्याला ४ बाय ३ सेंटीमीटरचा फोटो लागतो आणि खर्च कोण करणार त्याचा पुरावा. बाबांचं बँक बॅलन्स सर्टिफिकेट इंग्रजीत, सही-शिक्क्यासकट घ्या. सीओई आता ईमेलवर पण येतो. तो ३ महिनेच चालतो म्हणून आला की लगेच मुंबईतून जपानचा व्हिसा काढायचं बघा.

पैशाचं पण स्पष्ट सांगते, फी माफ म्हणजे फुकट नाही. विमान, भाडं, जेवण, इन्शुरन्स सगळं आपलं. जासोची (विद्यार्थ्यांना मदत करणारी जपानची सरकारी संस्था) स्कॉलरशिप महिन्याला ८०,००० येन आहे पण ती तिकडची युनिव्हर्सिटी ठरवते कोणाला द्यायची, आणि त्यांच्या पद्धतीने ३ पैकी २.३० ग्रेड लागतो. मला मिळाली म्हणून जमलं, नाहीतर आमच्या घरची ओढाताण झाली असती. ती मिळणारच असं धरून बजेट करू नका.

तिकडे उतरल्यावर एअरपोर्टवरच रेसिडेन्स कार्ड मिळतं, पार्टटाइम करायचं असेल तर परवानगीचा फॉर्म तिथेच द्या, आठवड्याला २८ तासांपर्यंत चालतं. राहायला गेल्यावर १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसला पत्ता नोंदवायचा आणि सरकारी हेल्थ इन्शुरन्स घ्यायचा.

परत आल्यावर मात्र रिझल्ट अडकला. ट्रान्सक्रिप्ट मार्चमधे आलं, त्यावर एस, ए, बी असे ग्रेड, आणि आमच्या परीक्षा विभागात ते १० पॉइंटमधे कसे बसवायचे याचा नियमच नव्हता, त्यामुळे सातव्या सेमिस्टरचा रिझल्ट राखून ठेवला आणि इकडे कंपनी मार्कशीट मागत होती. खूप त्रास झाला त्या दिवसांत. तेव्हा मंजुरी घ्याल त्याच कागदावर ग्रेड कसे बदलणार ते पण लिहून घ्या आणि जपानला निघायच्या आधीच परीक्षा विभागाची सही घ्या, नुसती एचओडींची (विभागप्रमुखांची) पुरत नाही. माझा तक्ता मॅडमकडे ठेवलाय, मेकॅनिकलवाल्यांना तो जवळजवळ तसाच वापरता येईल, बाकीच्यांनी निदान फॉरमॅट घ्या.