काचेच्या बाटलीतलं विहिरीचं पाणी

आज यवतमाळकडच्या एका वावरातल्या विहिरीचं पाणी थॅलेट नावाच्या रसायनाच्या तपासणीसाठी घेतलं. आजी म्हणाल्या, "पोरी, काचेची बाटली काऊन आनली वं? फुटन ना!"

मऊ पीव्हीसी नळीत लवचीकपणासाठी थॅलेट मिसळतात. ते प्लास्टिकशी रासायनिक बंधानं जोडलेलं नसतं, हळूहळू सुटतं. पाण्याच्या नमुन्याला असं प्लास्टिक लागलं की तेच त्यात उतरतं. म्हणून काच, आणि झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल. शिवाय शुद्ध पाण्याची एक बाटली विहिरीपाशी उघडून बंद करायची; तिच्यात थॅलेट निघालं तर ते आमच्या हाताळणीतलं. मला तीच बाटली सगळ्यात मोलाची वाटते. तिच्याशिवाय कुणाच्या विहिरीला दोष देणं अन्याय आहे.

निघताना आजींनी विचारलं, "तपासणीचा कागद मराठीत देशीन ना?" देणार, आणि वाचूनही दाखवणार.