बारदानातला भुंगेरा

कारखान्यांतून आमच्याकडे कीटक येतो तो बहुधा चुरडलेला, आणि "लगेच नाव सांगा" या हुकमासकट. वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखानदाराने पाठवलेला हा भुंगेरा त्यातल्या त्यात धड होता. मिशा तेवढ्या बुडाशी मोडलेल्या. फोनवर पहिला प्रश्न, "मॅडम, ह्यो रोठोच ना?"

रोठा म्हणजे काजूचा बुंधा पोखरणारी इथली कीड. तिचा भुंगेरा तांबूस तपकिरी, एकरंगी. याच्या अंगावर काळे-नारिंगी आडवे पट्टे. मायक्रोस्कोपखाली घेतला. पावलाचे खंड मोजताना नवखा हमखास फसतो: दिसतात चारच, कारण खरा चौथा तिसऱ्याच्या खाचेत दडलेला, इवलासा. डोळा मिशीच्या बुडाला वळसा घालणारा. म्हणजे लाँगहॉर्न, लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातला, नक्की; रोठाही त्याच कुळातला. पण कपाळ सरळ उभं खाली उतरलेलं आणि तोंडाजवळच्या स्पर्शकाचं टोक निमुळतं. रोठ्याचं ते छाटल्यासारखं बोथट असतं. हा लॅमिइनी उपकुळातला.

इथेच पंचाईत. इथल्या लाँगहॉर्न भुंगेऱ्यांवरचा गहानचा १९०६ चा खंड आम्ही अजून उघडतो, पण त्यात लॅमिइनी नाहीतच. शिवाय इथल्या किडींच्या ओळख-तक्त्यात परका किडा घातला, तरी तक्ता कुठल्या ना कुठल्या नावाला नेऊन पोचवतोच. "हा इथला नव्हे" असं तो कधी म्हणत नाही. मोबाइलवरची अ‍ॅपं तर त्याहून बिनधास्त.

म्हणून मीच विचारलं, माल कुठला? "आफ्रिकेचो." आफ्रिका म्हणजे काय शेजारचं गाव आहे? पिच्छा पुरवल्यावर कागद आले: बेनिन. मग पश्चिम आफ्रिकेतले नमुने ताडून पाहिले आणि नाव जुळलं. अनालेप्टेस ट्रायफॅसिआटा, कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७७५ मध्ये वर्णन केलेला, तिकडच्या काजूवाल्यांचा जुना वैरी. रोठ्यासारखा हा बुंध्याला लागत नाही. फांदीभोवती कुरतडून कडं पाडतो. कड्यापुढची फांदी सुकते आणि अंडी त्या सुकत्या लाकडात घातली जातात.

कारखानदाराला "धोका नाही" असं पत्र हवं होतं. भुंगेरा मेलेला, माल धुरी दिलेला, अंडी फांदीत, बीत नव्हेत. देता आलं असतं. पण मी सहज विचारलं, रिकामं बारदान कुठे आहे?

"ता बागवाल्यांनी कधीच न्हेल्यानी."

संबंधित कार्यालयाला कळवलंय. पोच आली, उत्तर नाही. बारदानातून काही गेलं असेल असं मला वाटत नाही, तरी पत्रावर सही होत नाही. त्या बागांची नावं मागवलीत. खाली पडलेल्या फांद्यांची टोकं तपासायची आहेत, मोडलेली आहेत की गोल कुरतडलेली.