उणे बत्तीस छेद एकतीस

दहावीच्या पूर्वपरीक्षेचे बीजगणिताचे पेपर तपासत होतो. गठ्ठ्यात ५८ पेपर. ४० गुणांच्या त्या पेपरात एकसामयिक समीकरणांचा एक प्रश्न ३ गुणांचा होता. (वर्गात आम्ही एक्स-वायच म्हणतो, इथं टाइप करताना जुन्या मास्तरांचे क्ष आणि य बरे पडतात.)

४७क्ष − ३१य = १७३
३१क्ष − ४७य = ६१

सहगुणकांची अदलाबदल झालेली जोडी. अशा वेळी ४७ आणि ३१ चा लसावि काढत बसायचं नसतं. आधी बेरीज: ७८क्ष − ७८य = २३४, म्हणजे क्ष − य = ३. मग वजाबाकी: १६क्ष + १६य = ११२, म्हणजे क्ष + य = ७. उत्तर क्ष = ५, य = २. येणाऱ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

सातव्या की आठव्या पेपरात उत्तर दिसलं: य = −३२/३१. दोन पेपर सोडून पुन्हा तेच, आणि मग आणखी एकदा. असला विचित्र अपूर्णांक तीन पेपरांत सारखा आला की पहिला संशय कॉपीचाच येतो. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी तर न विचारताच निकाल दिला, "सर, एकाचं बघून सगळ्यांनी उतरवलंय." मी गठ्ठा बाजूला ठेवला आणि सगळ्या पेपरांतला हा एकच प्रश्न आधी काढून पाहिला. य = −३२/३१ असलेले पेपर ९ निघाले. बैठक क्रमांक पाहिले तर मुलं तीन वेगवेगळ्या खोल्यांतली.

त्याच्या जोडीला आणखी चार पेपर होते, ज्यांत य = −३२/४७ आलं होतं. वरचा अंश तोच, छेद मात्र वेगळा. कॉपी करताना ३१ चे ४७ होत नाहीत.

मग पायऱ्या वाचल्या. बेरीज तेराही जणांची बरोबर होती, घोळ वजाबाकीत. आपल्याकडे उभी वजाबाकी करताना खालच्या समीकरणाच्या प्रत्येक पदाखाली बदललेलं चिन्ह लिहितात. इथं खाली − + − यायला हवं होतं, कारण मधलं पद −४७य आहे. या मुलांनी सरळ − − − लिहिलं होतं. मग −३१ आणि −४७ मिळून −७८ झाले आणि समीकरण उरलं १६क्ष − ७८य = ११२.

यात ७८ हा आकडा घातक ठरला. तो बेरजेत नुकताच येऊन गेला होता, त्यामुळे वजाबाकीत पुन्हा दिसल्यावर कुणाच्या मनात शंका आली नाही. दुसरा एखादा आकडा असता तर निदान दोघे-तिघे तरी थबकले असते.

तीन उण्यांची सवय कुठून आली तेही उघड आहे. सरावाला आम्ही जी गणितं जास्त देतो त्यांत दोन्ही समीकरणं अधिक चिन्हांची असतात: ४७क्ष + ३१य = २९७ आणि ३१क्ष + ४७य = २४९. तिथं खाली − − − हेच बरोबर. दहा गणितं अशी केली की हात चिन्ह बदलायचं सोडून तीन उणे ओढायला शिकतो.

पुढचं गणित दोन वाटांनी गेलं आणि तिथंच ३१-४७ चा उलगडा होतो. काहींनी क्ष = य + ३ ही किंमत घातली: १६य + ४८ − ७८य = ११२, −६२य = ६४, य = −३२/३१. बाकीच्यांनी क्ष − य = ३ ला १६ ने गुणून १६क्ष − १६य = ४८ केलं आणि पुन्हा उभी वजाबाकी मांडली. पुन्हा खाली तीन उणे! −७८ आणि −१६ मिळून −९४, म्हणून य = −३२/४७. म्हणजे पहिल्या गटाची चूक एकदा झाली, दुसऱ्याची दोनदा. सहकाऱ्यांना हे मांडून दाखवल्यावर त्यांनी कॉपीचा विषय सोडला.

मला जास्त अस्वस्थ केलं ते ताळ्यानं. नऊपैकी दोघींनी कडेला कच्च्या कामात ताळा घेतला होता आणि बरोबरची खूणही केली होती. त्यांचा क्ष आला होता ६१/३१. ६१/३१ + ३२/३१ = ९३/३१ = ३. जुळलं! पण ताळा घेतला कशात, तर क्ष − य = ३ मध्ये, ज्यातून उत्तर काढलं त्याच समीकरणात. तिथं ते जुळणारच. मूळच्या पहिल्या समीकरणात घातलं असतं तर डावी बाजू १७३ ऐवजी साधारण १२४.५ आली असती, आणि दुसऱ्यात ६१ ऐवजी १०९.५. पहिल्यात जेवढं कमी, तेवढंच दुसऱ्यात जास्त, म्हणून बेरीज २३४ राहते आणि चूक लपते.

क्रेमरच्या पद्धतीनं, म्हणजे सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी (निश्चयक) काढून भागाकार करत, गेलेल्या पाच जणांपैकी एकाचं गाडं याच ठेचेला अडलं होतं. निश्चयक (४७ × −४७) − (−३१ × ३१), म्हणजे −२२०९ + ९६१ = −१२४८. त्यानं −३१७० काढले होते. बाकी चौघांनी क्ष आणि य चे निश्चयक, −६२४० आणि −२४९६, यांना −१२४८ नं भागून ५ आणि २ मिळवले. बरोबर, पण लांबचा रस्ता.

दुसऱ्या दिवशी वर्गात निकालाचं काही बोललो नाही. फळ्यावर आडव्या ओळीत एवढंच लिहिलं: −३१य − (−४७य). सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "अधिक सोळा य." त्या तेरा जणांचाही आवाज त्यात होता. म्हणजे नियम येतो. कंस दिसला की येतो, उभ्या मांडणीत कंस नसतो म्हणून हरवतो.

तेव्हापासून मी उभी वजाबाकी करू देत नाही. दुसऱ्या समीकरणाला −१ नं गुणून ते वेगळ्या ओळीत पूर्ण लिहायचं, −३१क्ष + ४७य = −६१, आणि मग बेरीज करायची. एक ओळ वाढते, वाढू दे. शिवाय अदलाबदलीच्या जोडीत एका ओळीत दोन्ही सहगुणक सारखेच यायला हवेत: बेरजेत ७८ आणि ७८, वजाबाकीत १६ आणि १६. १६ शेजारी ७८ दिसले की तिथंच थांबायचं.

सगळ्यात आखूड उत्तर एका मुलीचं होतं. तिनं बेरजेनंतर वजाबाकी केलीच नाही. क्ष = य + ३ थेट पहिल्या समीकरणात घातलं: ४७य + १४१ − ३१य = १७३, १६य = ३२. आमच्या उत्तरसूचीत ही रीत नव्हती. तिला पूर्ण ३ दिले. त्या तेरा जणांना बेरजेचा १ दिला, आणि दोनदा चुकलेल्या चौघांना वेगळी शिक्षा नको म्हणून त्यांनाही तेवढाच.