बंडी कुठून घुसन?

गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात येणाऱ्या कुही तालुक्यातल्या एका गावाच्या ग्रामसभेनं मला नव्या गावठाणाचा आराखडा पाहायला बोलावलं होतं. मी नागपुरात नियोजनाचं काम करते. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी १९८८ सालची, राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा २००९ चा. गाव उठणार, उठणार, हे ऐकण्यात तिथली एक पिढी म्हातारी झाली. आराखडा मात्र घाईघाईत झालेला दिसत होता. शेतकरी कुटुंबाला ३७० चौरस मीटरचा भूखंड, भूमिहीनाला १८५ चा. सरळ ओळी, वीस फुटांचे रस्ते, शाळा, समाजमंदिर, पाण्याची टाकी, कोपऱ्यात मळणीसाठी खळवाडी. कागदावर सगळं जागच्या जागी होतं.

जानेवारी होता. नव्या जागेवर फक्कीच्या रेषा मारून ठेवल्या होत्या आणि लोक ट्रॉलीत बसून आपापला भूखंड पाहायला आले होते. एका आजींनी मात्र मुलाला बंडी, म्हणजे बैलगाडी, जुंपून आणायला लावली होती. त्या रेषांच्या आत उभ्या राहिल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "घर समजलं जी मॅडम. कोठा कुठी हाय? अन् बंडी कुठून घुसन?"

कोठा म्हणजे ढोरांचा गोठा. मी म्हटलं, बंडी आणून पाहू. मुलानं बंडी रस्त्यावरून आत वळवली. दोन्हीकडे नाल्या होणार होत्या, त्यांची जागा आम्ही दगड ठेवून सोडली. बैल वळले, पण एका बाजूचं चाक शेजाऱ्याच्या रेषेवरून गेलं. परत मागे घेऊन पाहिलं, तेव्हा दुसऱ्या बाजूची खुंटी मोडली. बरं, आत शिरली तरी कोठ्यापर्यंत जायला घराच्या बाजूनं वाटच नव्हती, कारण घर भूखंडाच्या रुंदीभर धरलेलं. म्हणजे बैल ओसरीवरून न्यायचे. शेजारी तिथंच उभे होते. ते काही रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "आज रेष आहे. उद्या भिंत राहीन. रोज भांडण लागन."

त्या प्रश्नानं दिवसभराचं काम ठरवलं. आम्ही आराखडा गुंडाळला आणि टेप घेऊन जुन्या गावात गेलो.

पहिलं मोजलं ते आजींचंच घर. चार एकर धान, एक बैलजोडी, एक म्हैस. समोर आंगण, मग ओसरी, माजघर, रांधायची खोली, त्यामागे कोठा आणि कोठ्यामागे सांदवाडी. सांदवाडीत तणशीचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग, शेणखताचा खड्डा, वालाचा मांडव, नांगर-वखर ठेवायचं छप्पर. माणसांची राहती जागा एकूण जागेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरली. बाकी सगळी शेतीची जागा होती, फक्त ती घराच्या भिंतीला लागून होती. पुनर्वसनाच्या कागदात तिला आपण घराचाच भाग समजतो आणि क्षेत्रफळात गिळून टाकतो. मला हे फार चुकीचं वाटतं. शेतकऱ्याचं घर हलवताना अर्धं शेत हलवावं लागतं, आणि ते अर्धं शेत सातबाऱ्यावर कुठंच नसतं.

तणशीचंच घ्या. धानाची मळणी झाली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत ढोरांचा चारा तोच. आग लागण्याच्या भीतीनं ती चुलीपासून दूर लागते, पण दिवसातून दोनदा टाकायची म्हणून कोठ्याजवळच लागते. आराखड्यानं ती गावाबाहेरच्या खळवाडीत पाठवली होती. मग तिथून डोक्यावर भारा आणणार कोण? आजींच्या सुनेनं हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं, "मीच."

दुपारी एक काकाजी प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं निस्तारपत्रक घेऊन आले. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ साली गेली, पण गावाच्या सामायिक जागांवरचे हक्क विदर्भात अजून या कागदातून चालतात, आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेनं ते कायम ठेवले आहेत. आखर, म्हणजे ढोरं जमायची जागा, कुठं, ढोरांची चराई कुठं, मरघटाची, म्हणजे मसणाची, वाट कोणती, तलावावर कोणाचं किती. काकाजी म्हणाले, "हे सारं त्या नव्या जागेत लिहून भेटन का?" शंभर सर्वेक्षणं करून जे कळलं नसतं ते त्या पिवळ्या कागदावर होतं. गाव हलवणाऱ्या प्रत्येकानं आधी हा कागद मागून घ्यावा. आराखड्यात आखरच नव्हता. सकाळी ढोरं जमायची कुठं आणि पोळ्याचं तोरण बांधायचं कुठं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

ग्रामसभा संध्याकाळी बसली. इथपर्यंत सगळं शेतकऱ्यांच्या बाजूनं चाललं होतं, आणि तेच एका मुलाला खटकलं. बौद्ध वस्तीतला, पदवी झालेला. तो उभा राहून म्हणाला, "तुम्ही बैलाची जागा मोजली. आमच्याकडं बैल नाहीत. नकाशात १८५ ची ओळ पाहा, सगळी शेवटाला, नाल्याकडं. ती ओळ म्हणजे आमचीच वस्ती आहे." सभा काही वेळ गप्प होती. त्याचं खरं होतं. भूखंडाच्या आकारानुसार ओळी पाडल्या की जुनी गावकुसाची रेघ आपोआप परत उमटते, आकृती काढणाऱ्याच्या मनात ती नसली तरी.

त्यामागून बाया बोलल्या. त्यांचं घर मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ खुडायच्या जागेवर, चालतं. हंगामात मिरची खुडायला त्या रोज जातात. नवी जागा सातऱ्यापासून लांब. त्यांना वस्तीजवळ मिरची वाळवायला आणि खुडायला मोकळी, उंच जागा हवी होती, आणि शेळ्यांसाठी मागे एक छप्पर. शेती म्हणजे फक्त मालकाची नव्हे, हे त्यांनी दहा मिनिटांत सभेला पटवलं.

उरला प्रश्न शेजाराचा. ईश्वरचिठ्ठी टाकली तर जातीच्या ओळी मोडतात, पण सावडही, म्हणजे एकमेकांच्या शेतात मिळून राबायची रीतही, मोडते. एका जोडीवर दोन भाऊ शेती करतात, ते गावाच्या दोन टोकांना गेले तर जोडी विकावी लागते. मला दोन्ही बाजू पटत होत्या. बोलता बोलता तोड निघाली: आठ-दहा घरांनी आधी आपापला गट जमवायचा, गटात मोठे आणि लहान दोन्ही भूखंड असलेच पाहिजेत, आणि मग चिठ्ठी टाकायची ती गटाच्या जागेची. काही म्हाताऱ्यांना हे रुचलं नाही. रात्री उशिरापर्यंत वाद झाला आणि ठराव बहुमतानं झाला, एकमतानं नाही.

ठरावात पुढच्या गोष्टी गेल्या: घरांच्या दोन ओळींमागे बंडी आणि ट्रॉली जाईल असा चोवीस फुटांचा मागचा रस्ता, कोठ्याचं दार त्या रस्त्यावर, आखर, सातऱ्याचं पटांगण. पुढे पुनर्वसन कार्यालयानं मागचा रस्ता आणि आखर मान्य केला. पटांगणाला वाढीव गावठाणाच्या जागेतून तुकडा मिळाला. गटांची चिठ्ठीही झाली.

अंतराचं मात्र अडलं. गाव बुडतं, पण पुष्कळांची वरच्या अंगाची शेती बुडत नाही. ती जुन्या बाजूला राहते आणि घर चार-पाच किलोमीटर दूर जातं. रानडुकरांच्या पायी रात्री जागलीला जावं लागतं. एवढ्या लांबून बाई-माणूस जाणार नाही, मग वावर ठेक्यानं देतील किंवा पडीक टाकतील. यावर उपाय एकच, नव्या गावठाणातून उरलेल्या शेतांपर्यंत बारमाही पांदण, म्हणजे शेतरस्ता. ती कोणत्या योजनेत बसवायची यावर कागद अजून फिरतो आहे. कोणत्या गटनंबरांतून ती जायला हवी, याचा नकाशा त्या रात्रीच समाजमंदिरात बसून काढला. दर बांधावर ज्याचं वावर, त्यानं पुढं येऊन आपली सही केली.